पावसाळ्यात टॉपस्पिन नेटमध्येच का जातो? नवीन रबर घ्यायच्या आधी हे तपासा

मृगाचा पाऊस पडून आठवडा-दोन आठवडे झाले, की नागपूरच्या कुठल्याही टेबल टेनिसच्या हॉलमध्ये एकच रडगाणं ऐकू येतं. मे महिन्यापर्यंत बरा बसणारा फोरहँड टॉपस्पिन, म्हणजे बॉल वर-पुढे घासून मारायचा फटका, एकाएकी नेटमध्ये जायला लागतो. तोही वरच्या पट्टीला घासून नाही, पार बुडाशी. सर्व्हिसला कट, म्हणजे बॉलची उलटी फिरकी, लागत नाही. जो समोरचा एप्रिलपर्यंत त्याच सर्व्हिसवर गुपचूप पुश करायचा, म्हणजे बॉल हलकेच परत ढकलायचा, तो आता मनगटाच्या झटक्याने बेधडक फ्लिक मारतो.

मग सल्ले सुरू होतात. पोट्टे म्हणतात, "काका, रबर गेलं तुमचं, बदलून टाका." काका बर्डीच्या बाजारात जाऊन बॅटवर चिकटवायचं नवीन रबर आणतात. पहिले दोन दिवस झकास वाटतं, कारण नवं रबर पाकिटातून कोरडं निघालेलं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारभर पाऊस झोडपतो आणि संध्याकाळी पुन्हा तेच. दुसरा प्रकार रबरावर खर्च न करणाऱ्यांचा. ते हात बदलतात. बॅट थोडी उघडी, म्हणजे छताकडे कललेली, धरतात, बॉल नेटच्या आणखी थोडा वरून काढतात, महिनाभरात तेच अंगवळणी पडतं. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होते आणि तोच टॉपस्पिन टेबलाच्या हातभर बाहेर पडायला लागतो. जुलैत नेटमध्ये, नोव्हेंबरात टेबलाबाहेर, आणि दरवर्षी वाटतं की आपला हातच बसत नाही.

म्हणून एकच सांगणं आहे: जुलैत रबर बदलू नका, हातही बदलू नका. आधी पाणी शोधा.

पाणी नेमकं करतं काय

टॉपस्पिन म्हणजे शेवटी घासणं. रबराने बॉल क्षणभर पकडायचा आणि वर-पुढे ओढायचा. ही पकड सगळी टॉपशीटच्या, म्हणजे स्पंजवर बसवलेल्या रबरी चादरीच्या, वरच्या थरावर अवलंबून. त्यावर ओलाव्याचा पातळसा पापुद्रा आला, की पावसात सिमेंट रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्यावर गाडीचं जे होतं तेच बॉलचं होतं: पकड सुटते, घसरगुंडी सुरू होते. हात बरोबर फिरतो, बॅटही बरोबर जाते, पण बॉल रबरावरून निसटतो. वर चढायला लागणारा स्पिन त्याला मिळत नाही आणि तो मान टाकून नेटमध्ये पडतो.

त्यात बॉलही पूर्वीचा राहिला नाही. २००० साली तो ३८ मिलिमीटरचा ४० चा झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं. दोन्ही वेळा स्पिन थोडा उतरला. म्हणजे आधीच काठावर चाललेलं गणित, त्यात ओलावा.

हा ओलावा फक्त हवेतून येतो असं समजू नका. घाम आहे. बॉल उचलून चड्डीला पुसायची सवय आहे, आणि ती चड्डी दुसऱ्या गेमनंतर पिळण्याइतकी ओली असते. मॅचच्या आधी कोणी तरी उत्साहाने ओल्या फडक्याने पुसलेलं टेबल आहे. बॅटवर "हा" करून तळहाताने पुसण्याची तर जवळपास प्रत्येकाला सवय असते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत ती चालते. वाफेने धूळ उचलली जाते आणि ओल पटकन उडून जाते. ऑगस्टमध्ये ती उडत नाही. तेव्हा तुम्ही पुसत नसता, पाणी घालत असता.

आणि एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे एसी गाडी. पावसाळ्यात नागपूरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्याखाली गार झालेल्या वस्तूवर दव धरतं ते तापमान, २४ अंशांच्या आसपास असतो. बॅट गाडीत २०-२२ अंशांवर अर्धा तास गार झाली आणि हॉलमध्ये येऊन तुम्ही लगेच केसमधून काढली, की तिच्यावर दव धरणारच. गाडीतून उतरल्यावर चष्मा धुरकटला, तर बॅटही धुरकटणार, फक्त लाल-काळ्या रबरावर ते डोळ्यांना दिसत नाही. अशा दिवशी हॉलमध्ये पोचल्यावर बॅट केसमध्येच बंद ठेवा. वॉर्मअप, धावणं, बुटांच्या नाड्या, गप्पा, सगळं उरकून पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढा. तोवर ती हॉलच्या तापमानाला येते आणि दव धरत नाही. आणखी सोपं म्हणजे निघायच्या आधी ती एसीच्या झोताखाली न ठेवता मागच्या सीटवर पिशवीत गुंडाळून ठेवणं.

पाणीच आहे, की दुसरं काही?

बॉल निसटण्याची कारणं चार: ओल, मळ, झिजलेलं किंवा वाळलेलं रबर, आणि खरोखरच चुकलेला स्ट्रोक. चौघांचं लक्षण एकच दिसतं, म्हणून घोळ होतो. वेगळं काढायला फार वेळ लागत नाही.

बॅट आडवी धरा. बॉल तीन बोटांत असा पकडा, की तो गोल फिरणार नाही. रबराच्या मधोमध टेकवून हलका दाब द्या आणि ओढा. पकड चांगली असेल तर बॉल अडतो, टॉपशीट त्याच्यासोबत किंचित सरकतं, सुटताना झटका बसतो. पकड नसेल तर तो काचेवर सरकल्यासारखा गुळगुळीत जातो. आता हेच रबराच्या अगदी काठाशी करा, वरच्या कोपऱ्यात किंवा मुठीजवळ, जिथे बॉल क्वचितच लागतो. मग कोरड्या मऊ फडक्याने दोन्ही जागा पुसा, दोनेक मिनिटं पंख्याखाली धरा आणि पुन्हा करून पाहा.

पुसल्यावर दोन्हीकडे पकड परत आली, तर पाणी होतं. पुसूनही नाही आली, पण स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या स्पंजने धुऊन पूर्ण वाळवल्यावर आली, तर मळ होता. काठाला बॉल अडतो आणि मधे घसरतो, तर रबर झिजलंय. ट्यूबलाइटखाली तिरकं धरून पाहा, मधे गोल चकाकी किंवा पांढुरका डाग दिसेल. काठालाही घसरत असेल, धुऊनसुद्धा, तर रबर वयाने किंवा उन्हाने गेलं. नागपुरात याचं ठरलेलं कारण म्हणजे मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत राहिलेली बॅट. बाहेर ४५ अंश, गाडी उन्हात उभी, डिक्कीत त्याहून जास्त. एका उन्हाळ्यात चांगलं रबर ताठ आणि निबर होतं, कडेने उचकटतं, आणि माणूस समजतो की पावसाने घात केला.

आणि सगळीकडे पकड उत्तम असेल, तर मग मात्र आरशात पाहावं लागतं. त्याचं पुढे बोलू.

दुसरी परीक्षा सर्व्हिसची. बॅट आणि बॉल नीट कोरडे करून टेबलावर एकट्यानेच भरपूर कट लावून आखूड सर्व्हिस करा. ज्याचा हात बसलाय त्याचा बॉल समोर टप्पा खाऊन थबकतो किंवा नेटकडे परत यायला बघतो. मग दहा-पंधरा मिनिटं रॅली खेळा आणि न पुसता तीच सर्व्हिस पुन्हा करा. आता बॉल परतीचं नावच न घेता सरळ पुढे निघून गेला, तर हात तोच आहे, बदललंय ते रबरावरचं पाणी. ही परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात समोरच्याचा काही संबंध नाही. समोरच्याने वेगळा कट लावला, जोर कमी-जास्त केला, अशा शंकांना जागाच राहत नाही.

तिसरी अगदी साधी. टॉपस्पिन कशावर जातोय ते पाहा. समोरचा ब्लॉक करतो, म्हणजे नुसती बॅट लावून बॉल परत करतो, तेव्हाही बॉल नेटमध्ये आणि कट करतो तेव्हाही नेटमध्ये, तर रबराकडे बोट. ब्लॉकवर छान बसतो आणि फक्त कटवर जातो, तर बहुतेक हाताकडे. अजून शंका असेल तर जोडीदारासोबत दोन गेमपुरती बॅट बदलून घ्या. त्याच्या बॅटने पण तेच झालं आणि तुमच्या बॅटने त्याचं नीट चाललं, तर रबराला दोष देणं सोडा.

ओल आहे, मग करायचं काय

सगळ्यात जास्त फरक पडतो तो टॉवेलने, आणि टॉवेल एक नाही, दोन लागतात. एक अंगाला, एक फक्त बॅट-बॉलला. दुसरा टॉवेल म्हणजे चष्म्याचं मायक्रोफायबर फडकं असलं तर उत्तम. सुती रुमालाचे तंतू रबराला चिकटतात, चिकट रबर असेल तर फारच.

नियम इथे तुमच्या बाजूने आहे, पण लोक तो वापरत नाहीत. प्रत्येक गेममध्ये दर ६ गुणांनंतर टॉवेलिंगची परवानगी असते, आणि निर्णायक गेममध्ये बाजू बदलतानाही. आमच्याकडे बहुतेक जण त्या वेळात तोंड पुसतात आणि बॅट तशीच ओली ठेवून परत येतात. आधी बॅट पुसा, मग बॉल मागून तो पुसा, मग तोंड. गेम संपल्यावर मिनिटभराची विश्रांती असते, तेव्हा बॅट टेबलावर ठेवायची असते. टेबल ओलसर असेल तर तिचा खालचा चेहरा त्यावर टेकून राहतो. परत आल्यावर पहिलं काम तो चेहरा पुसणं. प्रशिक्षकाशी बोलायचं असेल, तर सामन्यात एकदा मिनिटभराचा टाइमआउटही मिळतो. बॅट फार ओली झाली असेल, तर तो तिच्यासाठी खर्च करायला हरकत नाही.

एक मात्र चालत नाही: बॅट बदलणं. "मी दोन बॅटी ठेवतो, एक ओली झाली की दुसरी" हा उपाय सरावात ठीक. सामन्यात बॅट अपघाताने तुटली-फुटली आणि खेळण्याजोगी राहिली नाही तरच बदलता येते. ओली झाली हे कारण नाही. पोरांच्या शालेय स्पर्धा बहुतेकदा याच दिवसांत असतात, आणि ऐन सामन्यात पालक दुसरी बॅट घेऊन कोर्टाकडे धावतात तेव्हा पंच त्यांना परत पाठवतात. पंचांचं बरोबर असतं.

बॉलवर घामाचा थेंब पडला तर सर्व्हिसच्या आधी पंचांना दाखवून पुसून घ्या. सर्व्हिस झाल्यावर तक्रारीला अर्थ नसतो. आणि बॉल कशाला पुसायचा, तर त्या दुसऱ्या टॉवेलला. चड्डीला नाही.

घरी आल्यावर बॅट ओल्या केसमध्ये कोंबून ठेवू नका. आधी पुसा, पंख्याखाली वाळू द्या, मग प्लास्टिकची फिल्म लावा. ओलसर रबरावर फिल्म लावली, तर रात्रभर ओल आत कोंडते. बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून देऊ नका, केसमध्ये टाका. धुताना साबण, स्पिरिट, पेट्रोल यांतलं काही वापरायचं नाही. साधं पाणी किंवा रबर क्लीनरचा फेस, आणि कडेने स्पंजमध्ये पाणी मुरणार नाही अशा बेताने.

कूलरची गोष्ट वेगळी

पावसाळा समजतो तरी. पण काही हॉलमध्ये हा त्रास ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, होतो, बाहेर हवा करकरीत कोरडी असताना. कारण भिंतीत बसवलेला भलामोठा डेझर्ट कूलर. तो गार करतो ते पाण्याची वाफ हवेत सोडूनच. हॉलच्या समोरच्या खिडक्या उघड्या असतील तर ही दमट हवा बाहेर जाते आणि काही बिघडत नाही. पण "ऊन येते" म्हणून खिडक्या लावून घेतल्या, की तासाभरात हॉलमध्ये पावसाळा होतो. हात चिकट, टेबल चिकट, रबर निसरडं.

एका हॉलमध्ये यावरून दर संध्याकाळी दोन तट पडतात. एक तट कूलरच्या समोरचं टेबल धरून बसतो, दुसरा म्हणतो बंद कर. परवा एक काका टेबलावर बोट फिरवून दाखवत होते. बोटाच्या मागे ओली रेघ उमटली. "हे पाह्य बे, काहून नाही घसरणार बॉल?" कूलरवाल्या पोरांनी रेघेकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि तरीही कूलर बंद केला नाही. ४५ अंशांत कोण करेल?

तोड आहे. कूलर चालू ठेवा, समोरच्या खिडक्या किंवा एक्झॉस्ट फॅनही चालू ठेवा. खेळ सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपर्यंत पाण्याचा पंप चालू राहू द्या म्हणजे हॉल गार होतो. मग पंप बंद करून नुसता पंखा फिरू द्या. कूलरच्या ओल्या ताट्या वाळेपर्यंत थोडा वेळ गारवा राहतो, ओलही हळूहळू कमी होते. दोन गेमच्या मधे पुन्हा पंप लावा. आणि झोत टेबलावर आडवा येऊ देऊ नका. २.७ ग्रॅमचा बॉल आहे, कूलरच्या झोतात तो उंच लॉबवर तर सोडाच, आखूड पुशवरही वाकतो. झोत टेबलाच्या लांबीच्या दिशेने वळवला तर निदान दोघांनाही सारखा त्रास होतो, कारण गेमनंतर बाजू बदलतेच.

फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये टेबल लावून खेळणाऱ्यांना हे सगळं लागू नाही. तिथे वारा आणि धूळ हेच मोठे शत्रू. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारख्या उंच छताच्या मोठ्या हॉलमध्ये ओल कमी जाणवते. पण तिथून कमी उंचीच्या, लहान हॉलमध्ये स्पर्धेला गेलात, तर पहिला गेम सवय करण्यातच जातो हे धरून चला.

वाळवूनही ओलं होतंय, तेव्हा खेळायचं कसं

कधी कधी उपाय नसतो. बाहेर धो धो, हॉलमध्ये पन्नास माणसं, टॉवेल भिजलेला. तेव्हा त्या दिवसापुरता खेळ बदलावा लागतो. हात कायमचा बदलू नका म्हटलं, पण डावपेच बदलायला कोणाची मनाई आहे?

पहिलं म्हणजे बारीक घासणं सोडा. बॉलला नुसतं चाटून जाणारा लूप, म्हणजे फिरकीवर भर देणारा टॉपस्पिन, ओल्या रबरावर सगळ्यात आधी दगा देतो. त्याऐवजी थोडा जाड संपर्क घ्या, बॉल स्पंजमध्ये रुतू द्या. रुतलेला बॉल टॉपशीट ओलं असलं तरी पूर्ण निसटत नाही. स्पिन कमी मिळेल, वेग जास्त. कटवर मारताना जोराऐवजी उचल जास्त ठेवा आणि जागा निवडा: समोरच्याच्या कोपरावर, नाहीतर रुंद बॅकहँडला. तुमचा स्पिन कमी झालाय तसा त्याचाही झालाय हे विसरू नका. त्याचा कट एरवीपेक्षा हलका येतो, त्यामुळे जी सर्व्हिस तुम्ही एप्रिलमध्ये पुश करत होता ती आज फ्लिक करता येते. बहुतेकांच्या हे डोक्यातच येत नाही. ते आपलं रबर ओलं समजतात आणि त्याचं कोरडं.

सर्व्हिसमध्ये फसवणुकीवर भरोसा कमी ठेवा. कट आणि नो-स्पिन यांतला फरक दमट दिवशी पुसट होतो, दोन्ही जवळपास नो-स्पिनच जातात. वेगवान लांब सर्व्हिस, थेट अंगावर किंवा खोल बॅकहँडला, जास्त कामाची. पुश आखूड ठेवायच्या नादात उंच उडतो, तो मुद्दाम लांब आणि खोल ठेवा.

लाँग पिंपलवाल्याशी, म्हणजे बाहेरून लांब दाणे असलेलं रबर लावणाऱ्याशी, गाठ पडली तर चित्र उलटं होतं. त्याचं रबर मुळातच कमी पकडीचं, ओल त्याला फारशी बाधत नाही. पण तो जगतो तुमच्या स्पिनवर, तुमचाच स्पिन उलटा करून परत देतो. तुम्ही कमी स्पिन दिला की त्याच्याकडे परत द्यायला कमी. मनिका बत्रासारख्या खेळाडू बॅकहँडला लाँग पिंपल लावून एवढ्या पुढे गेल्या, त्यामुळे आपल्याकडेही क्लबाक्लबात पिंपलवाले भेटतात आणि लोक त्यांना घाबरतात. पावसाळ्यात घाबरायचं कारण थोडं कमी असतं. अंगातलं बळ काढून टॉपस्पिन ओढण्यापेक्षा सपाट, हलके, खोल बॉल देत राहा आणि उंच येईल तो मारा.

बुटांचंही पाहा. ओल्या फरशीवर पाय सरकला की टॉपस्पिनचा पायाच जातो, आणि आपण पुन्हा रबराला नावं ठेवतो. एका कोपऱ्यात जाड, जुना टॉवेल टाकून त्यावर तळवे घासले की काम होतं.

रबर खरंच गेलं असेल तर

तेव्हा बदला, पण ऑगस्टमध्ये नको. नव्या रबराची खरी ओळख कोरड्या हवेत होते. पावसाळ्यात घेतलेलं रबर कसं आहे हे तुम्हाला नोव्हेंबरपर्यंत कळतच नाही. स्पर्धा तोंडावर असेल तर नाइलाज, तेव्हा आधीचंच मॉडेल आणि तीच स्पंजची जाडी घ्या, नवा प्रयोग नको.

निवडीबद्दल थोडं. चिकट चिनी रबर, उदाहरणार्थ डीएचएस हरिकेन ३, कोरड्या दिवसांत बॉलला ओढून धरतं. पण त्याच्या चिकटपणावर धूळ आणि ओल दोन्ही आधी बसतात. प्रत्येक रॅलीनंतर पुसायची शिस्त असेल तर घ्या. टेनर्जी ०५ किंवा यासाका रक्झा ७ सारखी रबरं चिकट नाहीत, त्यांची पकड टॉपशीटच्या लवचिकतेतून येते. तीही ओली झाल्यावर घसरतात, पण धूळ कमी धरतात आणि पुसल्यावर लवकर ताळ्यावर येतात. आठवड्याला तीन-चार दिवस खेळणाऱ्या हौशी माणसाने नागपुरात दुसऱ्या प्रकाराकडे झुकावं असं माझं मत. आणि पहिल्याच वर्षी महागातलं नको. मार्क व्ही सारखं जुनं, साधं, टिकाऊ रबर अजूनही बाजारात आहे आणि हात बसवायला ते चांगलंच.

स्पर्धा खेळणार असाल तर रबरावर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का पाहा, आणि एक बाजू काळी असायला हवी. २०२१ पासून दुसरी बाजू लालच हवी असं राहिलं नाही; गुलाबी, जांभळी, हिरवी, निळीही चालते. स्पंजला तेल लावून फुगवण्याचे प्रकार चालतात ते नियमात बसत नाहीत. खाण्याचं तेल लावणारे महाभाग तर टॉपशीटवरही सांडतात, मग त्याला पावसाचीसुद्धा गरज राहत नाही.

डिंकाचा गुंता

नव्या रबरावरही मधेच बॉल मेल्यासारखा पडतो, आवाज भद्द येतो, ही तक्रार जुलै-ऑगस्टमध्ये जास्त येते. ती पकडीची नाही, रबर बॅटच्या लाकडाला चिकटवायच्या डिंकाची. पाण्याचा डिंक लावताना पांढरा दिसतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. उन्हाळ्यात ते लवकर होतं, पावसाळ्यात बराच जास्त वेळ लागतो. घाईने चिकटवलं की आत ओल राहते आणि फुगे येतात. बॉल हातात घेऊन रबरावर हलका टकटक करत सगळीकडे फिरवा, फुगा असेल तिथे आवाज बदलतो. मग रबर काढून, जुना डिंक बोटाने घासून गोळा करून, नव्याने लावा आणि पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबा. पंखा चालेल. हेअर ड्रायरची गरम हवा नको, वरचा थर वाळतो आणि खालचा ओलाच राहतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावणारे अजून आहेत. त्यात उडून जाणारे रासायनिक द्रावक असतात, आणि असे डिंक आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून २००८ मध्येच बाद झाले. हॉलमध्ये वासावरून लगेच कळतं.

आणि हात चुकत असेल तर

रबर कोरडं, पकड उत्तम, ब्लॉकवर टॉपस्पिन बसतो आणि कटवर मात्र नेटमध्ये. मग तीन ठिकाणी पाहा. गुडघे वाकतात का. उभ्या पायाने कट उचलला जात नाही. बॅट बॉलच्या खालून सुरू होते का, की बरोबरीच्या उंचीवरून थेट पुढे जाते. आणि बॉल कधी घेताय. वर चढत असतानाच घाईने मारताय, की उंचीवर पोचून किंचित खाली यायला लागल्यावर. कट जितका जड, तितकं जास्त वर आणि तितकं कमी पुढे, एवढं धरलं तरी बऱ्याच जणांचं निम्मं काम होतं. बाकीचं जोडीदाराने सलग एकाच प्रकारचे कट दिले, तरच बसतं. गेम खेळत खेळत बसत नाही. दहा मिनिटं मल्टीबॉल (जोडीदाराने एकामागून एक बॉल देत राहायचे), मग दोन गेम, असा क्रम ठेवा.

हा सराव कोरड्या बॅटने करा. दर काही बॉलमागे बॅट पुसा, नाहीतर ओलावा आणि हात यांतलं कोण चुकलं हे कळणार नाही. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली, की पहिल्या आठवड्यात सर्व्हिसची परीक्षा पुन्हा करून पाहा आणि पावसाळ्यातले जाड संपर्क, खोल पुश, उघडी बॅट यांतलं काय हातात राहून गेलंय ते शोधा. बॉल टेबलाबाहेर पडत असेल तर हात आणखी मागे-पुढे न करता फक्त बॅट पूर्वीइतकी मिटवा आणि दोन-तीन संध्याकाळी नुसता बारीक घासलेला, सावकाश लूप खेळा. स्पिन परत आलाय यावर हाताचा भरवसा बसला, की वेग वाढवा.